स्टार ट्रेक पहिल्यापासून लाव, म्हणजे नेमकं कुठून?

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सांगलीहून अडीच महिन्यांसाठी आमच्याकडे ठाण्याला आले. पहिले चार दिवस बरे गेले, मग बातम्या बघून बीपी वाढायला लागलं आणि सिरियलींना तर ते आधीपासूनच शिव्या घालतात. एका संध्याकाळी वॉकर बाजूला ठेवत म्हणाले, अरे ते कानवाल्याचं काय होतं रे, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं, ते मिळतं का कुठे? म्हटलं बाबा, मिळतं म्हणजे काय, नऊशेच्या वर एपिसोड आहेत त्याचे आता. तर म्हणाले, मग काय घाई आहे, पहिल्यापासून लाव.

इथेच सगळा घोळ सुरू झाला. कारण पहिल्यापासून म्हणजे कुठून? साधा माणूस म्हणेल १९६६ पासून, जेव्हा ते टीव्हीवर पहिल्यांदा आलं. पण मी साधा माणूस नाही, मी गेली वीस वर्षं हे बघणारा आणि त्यावर भांडणारा माणूस आहे, आणि माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट कधीची पडून होती ज्यात सगळे एपिसोड गोष्टीतल्या सालाप्रमाणे लावलेले होते. कधीतरी असं बघायचंच होतं, बायकोला विचारायची हिंमत नव्हती. बाबा आयतेच सापडले, पळूनही जाऊ शकत नव्हते.

(अगदीच कट्टर व्हायचं तर व्हॉयेजर या ट्रेक सिरियलचा एक एपिसोड पहिला लावावा लागेल, कारण त्यात जहाज थेट विश्वाच्या जन्मापाशी जाऊन लपतं. एवढं वेड मलाही नाही.)

तर क्रमाने पहिली येते एंटरप्राइज, जी बनली २००१ ते २००५ मध्ये पण गोष्ट आहे २१५१ पासूनची, म्हणजे मूळ सिरियलमधल्या कॅप्टन कर्क आणि कानवाल्या स्पॉकच्या शंभरेक वर्षं आधीची. ९८ एपिसोड. बाबांना आवडली, खरंच आवडली, कारण त्यातली माणसं घाबरतात, माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरमध्ये उभं राहायला का-कू करतात, कॅप्टनसोबत त्याचा कुत्रा असतो. फक्त ते सुरुवातीचं गाणं! बाकीच्या ट्रेकला नुसतं म्युझिक, हिलाच शब्द असलेलं गाणं, आणि तिसऱ्या सीझनला त्याची चाल आणखी उडती केली. बाबा दर वेळी म्हणायचे, पळव पुढे.

शेवटच्या एपिसोडला मात्र माझी पहिली विकेट पडली. त्यात झालंय असं की एंटरप्राइजचा शेवट दाखवलाय दोनशे वर्षांनंतरच्या नेक्स्ट जनरेशन या सिरियलमधल्या रायकर नावाच्या ऑफिसरच्या नजरेतून, तो होलोडेकवर, म्हणजे खोटं जग खऱ्यासारखं उभं करणाऱ्या खोलीत, जुना इतिहास चालवून बघतोय. म्हणजे २१६१ ची गोष्ट २३७० मध्ये बसून. आता हा एपिसोड लावायचा कुठे? एंटरप्राइजच्या शेवटी, की नेक्स्ट जनरेशनच्या सातव्या सीझनच्या मध्येच? मी एंटरप्राइजच्या शेवटी लावला. पाच मिनिटांत बाबा म्हणाले, हा दाढीवाला कोण? म्हटलं हा पुढे येणार आहे. मग आत्ता कशाला आलाय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते बनवणाऱ्यांकडेही नसावं. चार वर्षं ज्या ट्रिप नावाच्या इंजिनियरवर जीव लावला तो असा दुसऱ्याच्या गोष्टीत मधल्यामध्ये मरतो, बाबा तर दिवसभर घुश्शात होते.

त्याच्या लगेच नंतर मी लावला तो मूळ सिरियलचा पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड, जो चॅनेलने नाकारला होता. बनला १९६४-६५ च्या सुमारास, गोष्ट २२५४ ची. म्हणजे काल रात्री २००५ सालचे इफेक्ट आणि आज सकाळी पुठ्ठ्याचे दगड. बाबा काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसला फक्त. त्यात कॅप्टन कर्क नाहीच, क्रिस्टोफर पाइक नावाचा दमलेला माणूस आहे, जहाजाच्या डॉक्टरपाशी बसून सांगतो की हे सगळं सोडून द्यावंसं वाटतंय. आणि मग त्या परक्या ग्रहावर निळ्या पानांची रोपं असतात, हात लावला की आवाज थांबतो, आणि स्पॉक त्या पानांना हात लावून मस्तपैकी हसतो. दात दिसतील असं! बाबा ओरडले, अरे हा हसला! चार सीझन आम्ही बघत आलो होतो की व्हल्कन, म्हणजे स्पॉकच्या जमातीचा माणूस हसत नाही, एंटरप्राइजमधल्या व्हल्कन टी'पॉलच्या भुवया पण मोजून हलतात, आणि हा पठ्ठ्या फुलांना बघून हसतोय. आता खरं कारण एवढंच की तेव्हा स्पॉक कसा असणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. पण क्रमाने बघणाऱ्याला ते कारण दिसत नाही, त्याला फक्त एक व्हल्कन बिघडलेला दिसतो.

मग डिस्कव्हरी या सिरियलचे पहिले दोन सीझन. इथे माझ्या ॲपने दगा दिला, नाव घेत नाही, पण एका ॲपवर एक सीझन, दुसऱ्यावर दुसरा आणि तिसरं म्हणतं तुमच्या देशात उपलब्ध नाही, ते सगळं मेव्हण्याने कसं जमवून दिलं ते विचारू नका. डिस्कव्हरीबद्दल माझं मत फार चांगलं नाही. २२५६ साल आहे आणि हवेत होलोग्राम, पडद्यावर पडदे, स्पॉकला अचानक एक मानलेली बहीण. आणि दहा वर्षांनंतरच्या कर्कच्या जहाजावर काय, तर रंगीत गोळ्यांसारखी बटणं. मग या बहिणीचं आणि तिच्या डिस्कव्हरी जहाजाचं नाव आधीच्या पन्नास वर्षांत कुणी का नाही घेतलं? तर दुसऱ्या सीझनच्या शेवटी सगळ्यांनी शपथ घेतली म्हणे, गप्प बसायची. आणि बहिणीसकट जहाज गेलं नऊशे वर्षं पुढे. म्हणजे तिसरा सीझन माझ्या शीटमध्ये सगळ्यात शेवटी, बाकीचं सगळं संपल्यावर. बाबा म्हणाले, म्हणजे ती मुलगी कुठे गेली ते आज नाही कळणार? म्हटलं आज नाही.

क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढाऊ जमातीच्या कपाळाचा किस्सा तर वेगळाच. १९६० च्या दशकात पैसे नव्हते म्हणून तपकिरी रंग फासला आणि भुवया लावल्या, झाला क्लिंगॉन. १९७९ च्या सिनेमात बजेट आलं तसं कपाळावर उंचवटे आले. पुढे १९९६ मध्ये डीप स्पेस नाइन या सिरियलने यावर एक जोक केला, त्यातल्या वॉर्फ नावाच्या क्लिंगॉनला विचारतात की तुमची आधीची माणसं अशी कशी दिसायची, तर तो म्हणतो आम्ही यावर बाहेरच्यांशी बोलत नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण नाही, २००५ मध्ये एंटरप्राइजने दोन एपिसोड खर्च करून व्हायरसचं कारण दिलं. आता क्रमाने बघा: आधी उंचवटे, मग व्हायरस येऊन कपाळ सपाट, मग डिस्कव्हरीत भलतंच, टक्कल आणि डोकं मागे ओढलेलं, मग पाइकच्या सिरियलमध्ये, म्हणजे स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्समध्ये, परत उंचवटे, मग १९६७ चे सपाट. बाबा म्हणाले, यांचं एकदा काय ते ठरवा रे.

तेव्हाच मला कळायला लागलं की मी हे कालक्रमाने बघतच नाहीये. मी बघतोय ती ठिगळं, आणि तीही फाटायच्या आधी. सदरा अजून फाटलेला नाही आणि हातात ठिगळ.

सगळ्यात वाईट वाटलं ते रोम्युलन या दुसऱ्या शत्रू जमातीच्या एपिसोडचं. १९६६ च्या डिसेंबरमधला तो एपिसोड म्हणजे माझ्या मते त्या मूळ ७९ मधला पहिल्या तीनातला, दोन पाणबुड्या एकमेकींना हुडकताहेत तसा. त्यात एक क्षण आहे, शत्रूचा चेहरा पहिल्यांदा पडद्यावर दिसतो आणि तो हुबेहूब स्पॉकसारखा, आणि एक ऑफिसर हळूच मान वळवून स्पॉककडे बघतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बाबांनी तो बघितला तेव्हा त्यांना एंटरप्राइजमध्येच कळलेलं होतं की रोम्युलन असे दिसतात. वर स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सच्या पहिल्या सीझनचा शेवटचा एपिसोड हीच लढाई परत खेळतो, फक्त कर्कच्या जागी पाइक असता तर काय झालं असतं असं. तो आम्ही आधी बघितलेला. दहाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, हे तर आपण बघितलं की, कॉपी मारलीये. कॉपी! छप्पन वर्षं आधीच्या मूळ एपिसोडला! मी उठून चहा करायला गेलो.

खान आला तेव्हा जरा बरं वाटलं. १९६७ च्या त्या एपिसोडप्रमाणे खान नूनियन सिंग, हिंदुस्थानातला, बहुतेक शीख, १९९२ ते ९६ मध्ये पाव पृथ्वीवर राज्य करत होता. काम केलंय मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबाननी. बाबा म्हणाले, ब्याण्णव ते शहाण्णव? तेव्हा मी रोज सांगली-मिरज एसटीने जात होतो, मला नाही दिसला कोणी. आता मी त्यांना काय सांगू की २०२३ मध्ये हे सालसुद्धा पुढे ढकललंय, टाइम ट्रॅव्हलच्या लढायांचं नाव घालून. नाही सांगितलं.

पण मग पाइक.

जुन्या ट्रेकमध्ये १९६६ साली दोन भागांचा एपिसोड आहे, ज्यात तो नाकारलेला पायलट कापून वापरलाय, खर्च वाचवायला. त्यात पाइक एका काळ्या पेटीसारख्या खुर्चीत बसलेला आहे, चेहरा भाजलेला, हलता येत नाही, बोलता येत नाही. समोर एक दिवा. एकदा पेटला की हो, दोनदा पेटला की नाही. मी तो पूर्वी किती वेळा बघितलाय, आणि खरं सांगतो, मला कायम ती खुर्ची थोडी हास्यास्पद वाटायची. पाइक कोण होता माझा? कुणी नाही.

बाबांसाठी तो कुणीतरी होता. त्यांनी त्याला डिस्कव्हरीत एका मठात जाऊन स्वतःचं भविष्य बघताना बघितलं होतं, आणि बघूनही ते घेताना. नंतर स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्समध्ये जेवढे सीझन आलेत तेवढे आम्ही बघितले, आपल्या केबिनमध्ये सगळ्या क्रूसाठी स्वयंपाक करणारा तो माणूस, कांदा चिरतोय, हसतोय, आणि आत माहितीये की आपलं काय होणार आहे. बाबा म्हणायचे, याच्या हातची भाजी खायला पाहिजे एकदा. आणि मग ती खुर्ची आली. तो दिवा. बाबांनी रिमोट मागितला, थांबवलं, विचारलं, हा तोच? म्हटलं हो. थोडा वेळ तसाच थांबवून ठेवला पडदा. मग म्हणाले, चालू कर.

त्यांच्या खाटेशेजारी आम्ही एक पितळी घंटी ठेवली होती, रात्री काही लागलं तर वाजवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने आतून विचारलं, बाबा, चहा टाकू का? एकदा टण. साखर घालू का? बराच वेळ काही नाही, मग टण टण. डायबेटिस असून साखरेला कधी नाही न म्हणणारा माणूस. नंतर घरभर तेच चालू झालं, माझी मुलगी शाळेतून आली की दारातूनच प्रश्न विचारायची आणि आतून घंटी.

१९७९ चा सिनेमा बघितला त्याच आठवड्यात बाबा परत जायचे होते. तो सिनेमा संथ आहे हे मान्य, पण त्यात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा आहे, १९६५ ची मिस इंडिया, भूमिकेसाठी डोक्याचा गोटा केलेली. बाबांना ती लगेच आठवली, त्या काळी पेपरात फोटो आले होते म्हणाले. पूर्ण सिनेमाभर कर्ककडे लक्षच नव्हतं.

आता ते सांगलीत आहेत, काठीशिवाय चालतात. रोज रात्री नऊला फोन येतो. परवा विचारत होते, ती मुलगी गेली ना रे जहाज घेऊन नऊशे वर्षं पुढे, तिचं काय झालं शेवटी? मी शीट उघडून बघितली, म्हटलं बाबा, मध्ये अजून साडेसहाशे एपिसोड आहेत. पलीकडे शांत. मग फोनवर टण असा आवाज आला. घंटी घेऊन गेलेत, मला माहितीच नव्हतं.