तुम्ही विचारलंत म्हणून : सभेला खरंच गर्दी होती का?

निवडणूक लागली की स्टुडिओत पासपोर्ट फोटोला आलेलं माणूसही स्टुलावर बसता बसता विचारतं, "ताई, तुम्ही तिथंच होता ना? मग सांगा, गर्दी खरंच होती का?" साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा घेताना विचारतात. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेली मंडळी तारीख सांगायच्या आधी हे विचारतात. त्यांच्या मोबाइलवर एकाच सभेचे दोन फोटो आलेले असतात. एकात मुंगीला शिरायला जागा नाही, दुसऱ्यात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. यातला खोटा कोणता, एवढंच त्यांना हवं असतं. मी साताऱ्यात स्टुडिओ चालवते आणि निवडणुकीच्या दिवसांत एका स्थानिक दैनिकासाठी सभा, पदयात्रा, कोपरा सभा असं सगळीकडे फिरते. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

बहुतेक वेळा दोन्ही फोटो खरे असतात.

माझ्या गळ्यात दोन कॅमेरे असतात. एकाला ७०-२०० ची लांब लेन्स, दुसऱ्याला १६-३५ ची रुंद. गांधी मैदानावर व्यासपीठाच्या कडेला उभं राहून लांब लेन्स गर्दीवर रोखली की मागच्या रांगेतली डोकी पुढच्या डोक्यांना चिकटून दिसतात. मधली वाट, मोकळ्या जागेत पाय पसरून बसलेली पोरं, सगळं नाहीसं होतं. चार-पाचशेच माणसं असली तरी फोटोच्या चारही कडांपर्यंत डोकीच डोकी. तेच मैदान एखाद्या गच्चीवरून रुंद लेन्सने टिपलं की मागचा मोकळा भाग, कडेला लावलेले टेम्पो, भेळेची गाडी असं सगळं येतं, आणि तीच चार-पाचशे माणसं एका कोपऱ्यात गोळा झाल्यासारखी दिसतात. दोन्ही फोटोंत कुणी काही खाडाखोड केलेली नसते. फोटो काढणाऱ्याची जागा तेवढी बदललेली असते.

त्याहून मोठा फरक वेळेचा. पत्रकावर पाचची वेळ असते. ज्यांच्यासाठी सभा, त्यांच्या त्याच दिवशी कोरेगावला आणि वाईला आणखी दोन सभा असतात, त्यामुळे ते येतात आठला. साडेपाचला मंडपवाल्याची माणसं खुर्च्या पुसत असतात. सातला मैदान निम्मं भरलेलं असतं आणि गावातले वक्ते एकामागून एक बोलत असतात. साडेसातच्या सुमारास पुढच्या रांगांतल्या बायका उठायला लागतात, कारण घरी स्वयंपाक पडलेला असतो. आठला गाड्यांचा ताफा आला की बाहेर चहा पीत उभे असलेले पुरुष एकदम आत येतात आणि दहा मिनिटांत मैदान भरतं. भाषण लांबलं की मागून पांगापांग सुरू होते. रात्री दहाला कर्णे बंद करावेच लागतात, म्हणून शेवटी शेवटी वक्त्याची नजर घड्याळावर. आता या पाच तासांतल्या कुठल्या क्षणाला गर्दी म्हणायचं? "किती होती?" याच्या सोबत "किती वाजता?" हेही विचारायला हवं.

म्हणून मी एक नेम पाळते. मुख्य वक्ता बोलायला लागून दहा मिनिटं झाली की मैदानाच्या कडा दिसतील असा एक फोटो घ्यायचा, आणि फोटोखालच्या ओळीत वेळ लिहायची. दैनिकात तो फोटो क्वचित लागतो. जागा कमी असते, आणि हात उंचावलेल्या नेत्याचा फोटो पानावर जास्त उठून दिसतो. तरी मी तो पाठवतेच. पक्षाचा सोशल मीडिया बघणारा मुलगा मला हाक मारून जागा करून देतो, "ताई, इथून घ्या, इथून भरगच्च दिसतंय." तिथूनही घेते, आणि मग गच्चीही गाठते. तो त्याचं काम करतोय, त्याच्यावर माझा राग नाही. पण वाचकाला मी कुठं आणि केव्हा उभी होते हे कळलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

मोठ्या सभेत आणखी एक कॅमेरा असतो आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो निवडणूक यंत्रणेच्या व्हिडिओ पथकाचा. हे काम बहुधा आमच्यासारख्या गावातल्या फोटोग्राफरांकडेच येतं. एका विधानसभेला मीही ते केलंय. चित्रण सुरू करताना आधी बोलून नोंद करायची : कार्यक्रम कसला, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. मग भाषण राहिलं बाजूला. टिपायचं ते व्यासपीठ किती लांब-रुंद, खुर्च्या किती आणि कसल्या, कर्णे किती, दिवे किती, फलक केवढे, बाहेर गाड्या किती आणि त्यांचे नंबर काय. हे चित्रण दुसरं पथक बसून बघतं, जिल्ह्यात ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे एकेका वस्तूचा खर्च लावतं, आणि उमेदवाराने दिलेला हिशेब त्याच्याशी ताडून पाहिला जातो. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची. त्या मर्यादेवर लक्ष ठेवायचं एक साधन म्हणजे कडेला तिपाई लावून खुर्च्या टिपत उभा असलेला आमच्यापैकी कुणीतरी. तेव्हापासून मैदानावर गेले की मी आधी एका रांगेतल्या खुर्च्या मोजते, मग रांगा. मंडपवाल्यालाही विचारते, तो आकडा बरोबर सांगतो, कारण त्याला खुर्च्या परत मोजून न्यायच्या असतात. व्यासपीठावरून कितीही मोठा आकडा जाहीर झाला तरी मी माझ्या मोजणीवरच विसंबते.

"पण ती माणसं आणलेलीच असतात ना?" हा पुढचा प्रश्न. येतात, टेम्पो भरून येतात. कुणाला गाडीभाडं मिळतं, कुणाला दिवसाची मजुरी. हे सगळ्यांना माहीत आहे, मी नाकारत नाही. पण तेवढ्यावरून त्या माणसांना खोटी म्हणायला माझी तयारी नाही. मी बाई असल्यामुळे मला बायकांच्या बाजूला बसता येतं, तिथं माझ्या कॅमेऱ्याला कुणी बुजत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. २० तारखेला मतदान होतं, दिवाळी नुकतीच झाली होती, सोयाबीन घरात येऊन पडलं होतं. टेम्पोतून आलेल्या बायका आपसात बोलत होत्या ते दोन विषयांवर. एक, लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार खात्यावर कधी आले आणि कुणाचे अडकले. दुसरा, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या खाली का जातंय. एकीनं तर बियाणं, खत, मळणी असा सगळा खर्च बोटांवर मांडून दाखवला. व्यासपीठावर वेगळंच काही चाललं होतं आणि खाली कुजबुज सुरू होती. वक्त्याच्या तोंडून सोयाबीन शब्द आला तशी कुजबुज थांबली आणि सगळ्या माना एकदम वर झाल्या. मी लांब लेन्स वापरते ती खरं तर अशा वेळेसाठी. त्या चेहऱ्यांवर होकार नव्हता, नकारही नव्हता, त्या पारख करत होत्या. आणलेली माणसं अशी ऐकत नाहीत असं कुणी म्हटलं तर मी त्याला तो फोटो दाखवेन.

साताऱ्याचं नाव निघालं की लोक १८ ऑक्टोबर २०१९ च्या सभेवर येतातच. शरद पवार भर पावसात भिजत बोलले, त्याचा फोटो त्याच रात्री घरोघरी पोहोचला, तीन दिवसांनी मतदान झालं आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील निवडून आले. "एका फोटोनं निवडणूक फिरते, नाही का?" असं मला विचारतात. मला तसं वाटत नाही. पावसात बहुतेक सभा आटोपत्या घेतात, ती घेतली नाही, आणि समोरची माणसंही हलली नाहीत. आधी ते घडलं, फोटो नंतर. व्यासपीठावरच्या उजेडात पावसाच्या रेघा चमकल्या, त्यामुळे तो फोटो डोळ्यांत भरला हे खरं. पण त्या संध्याकाळची किंमत मी भिजत बसून राहिलेल्या माणसांना जास्त देते, आणि त्यांचे फोटो त्यामानाने फार थोड्यांनी पाहिले.

कुणी मागत नाही असेही फोटो मी काढते. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकेचं मतदान झालं, तेव्हा ऊसतोड जोरात होती. शहराबाहेर पडलं की बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दिसतात. प्रचाराची रिक्षा कर्णा लावून त्या रस्त्याने जाते. कोप्यांपाशी ती थांबत नाही, कारण तिथल्या कुणाचंच नाव इथल्या यादीत नसतं. कर्ण्यातून नळाचं पाणी, गटारं, दिवाबत्ती ऐकू येत असते आणि कोपीपुढे बाई बादलीने पाणी आणत असते. हंगामात त्यांच्या गावाकडे मतदान लागलं तर जायचं कसं, दिवसाची मजुरी बुडवून गाडीभाडं कुठून आणायचं, हे त्यांचे प्रश्न कुठल्या सभेत मी ऐकले नाहीत. हा फोटो छापून आला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

बामणोली-तापोळ्याकडे शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना मतदान पथकं लाँचमधून जातात. मतदानयंत्राची पेटी मांडीशी धरून बसलेले शिक्षक, शेजारी पोलीस, मागे कोयनेचं पाणी. एरवी वर्गात शिकवणारी ही माणसं त्या रात्री शाळेच्या फरशीवरच झोपतात. त्यांच्यासाठी एवढा लांबचा फेरा मला कधी जड वाटत नाही.

स्टुडिओतलं कामही याच दिवसांत वाढतं. उमेदवारी अर्जाला दोन बाय अडीच सेंटिमीटरचा फोटो लागतो, तीन महिन्यांच्या आतला, मागे पांढरा पडदा, चेहरा सरळ. टोपी आणि काळा चष्मा शक्यतो नको. मतपत्रिकेवर, म्हणजे यंत्रावर नावाशेजारी हाच फोटो येतो. जन्मभर गांधी टोपी घातलेले एखादे आजोबा अपक्ष म्हणून उभे राहतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि केसांवरून हात फिरवत विचारतात, "लोक ओळखतील ना मला?" त्यांचा फोटो मी मोठ्या उमेदवाराइतकाच वेळ घेऊन काढते.

मतदानाच्या दिवशी सगळ्यांना शाईच्या बोटाचा फोटो हवा असतो. आयोगाचं प्राधिकारपत्र असलं तर केंद्रात जाता येतं, पण यंत्राच्या आडोशाकडे कॅमेरा वळवायचा नाही. मत गुप्त राहिलं पाहिजे, हा नियम मला फार प्रिय आहे. सकाळी सातच्या रांगेत मी चेहरे टिपते. सभेतले काही त्यात ओळखू येतात, वेगवेगळ्या पक्षांच्या सभांत दिसलेला एकच चेहराही असतो. म्हणून "मग कोण येणार?" असं तुम्ही विचारलंत तर मी सांगत नाही, कारण माझ्या फोटोंतून ते कळत नाही. निकालाच्या दिवशी गुलालात लेन्स बदलायची नाही, एवढीच काळजी घेऊन मीही इतरांसारखी वाट बघते.

निवडणूक संपल्यावर नेत्यांचे फोटो मागायला फारसं कुणी येत नाही. येतात ते गर्दीतले. "ताई, त्या दिवशी आई पुढं बसली होती, तिचा एखादा निघेल का?" मी प्रत्येक सभेचे फोटो तारीख आणि वेळ टाकून जपून ठेवलेत, लहान प्रिंटचे पैसे घेत नाही. तुमच्या घरचं कुणी अशा सभेला बसलं असेल तर दुपारी चारनंतर स्टुडिओत या. सभा कुठली, साधारण किती वाजले होते आणि ते मैदानाच्या कुठल्या बाजूला बसले होते एवढं सांगा, मी शोधून देते.