आमची वाटचाल: मावळे, डाय आणि माळ्यावरची खोकी

आमचं मूळ दुकान पुण्यात रविवार पेठेत, वडील होलसेलमध्ये खेळणी विकायचे. २०१३ ला माझ्या डोक्यात आलं की दुसऱ्याचा माल किती दिवस विकायचा, आपलाच काढू, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पण प्लॅस्टिकचे, हातपाय हलणारे. मातीचा मावळा दरवर्षी फुटतो, आपला टिकेल, एवढाच हिशोब. टिकला की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत कशाला येईल हे तेव्हा सुचलंच नाही!

भोसरीत डाय, म्हणजे प्लॅस्टिकचे साचे, करायला टाकले, आठ कॅरेक्टर म्हणून आठ वेगळे डाय. खर्च ऐकून वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि बरोबरच होतं त्यांचं. मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीने १९८२ ला ही-मॅन हा पिळदार योद्ध्याचा पुतळा काढला तेव्हा एकच धड कितीतरी कॅरेक्टरना वापरलेलं, डोकं बदल, रंग बदल, हातातलं शस्त्र बदल, झाला नवीन गडी. पोरांना काही फरक पडला नाही. हे मी वाचलं तोवर पैसे गेलेले.

त्यात डाय मिळायला उशीर, माल दुकानात पोचला तो वसुबारसेला. स्टार वॉर्सच्या वेळी केनर कंपनीचे पुतळे १९७७ च्या ख्रिसमसला तयारच नव्हते, त्यांनी चक्क कुपनवाली पाकिटं विकली आणि पुतळे ७८ मध्ये घरपोच दिले. त्यांचं चाललं कारण पिक्चर तुफान सुरू होता. आमच्याकडे लक्ष्मीपूजन झाल्यावर मावळा फुकट दिला तरी कोण घेतो?

खरा घोळ कार्टनमध्ये होता. आठही कॅरेक्टर सारख्याच संख्येने भरलेले. किल्ल्यावर महाराज एकच, सिंहासनावर (ती मूर्ती आम्ही सांधे न देता अखंडच ठेवली, त्यांचे हातपाय पोरांनी वाकवावेत हे मनाला पटेना), पण मावळे लागतात पंधरा-वीस. आणि शत्रूचा सरदार तर कुणालाच नको. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "शेठ, मावळे दोन दिवसात संपतात, मग महिनाभर मी या सरदाराचं तोंड बघत बसतो." तो पडलेला माल संपल्याशिवाय नवीन ऑर्डर देईना. ही-मॅनचं पण असंच काहीतरी झालं असणार, अमेरिकेत १९८६ ला ४० कोटी डॉलरच्या आसपास विक्री आणि पुढच्या वर्षी ७० लाख. दुकानं आधीच मालाने गच्च भरलेली.

आणि हलणारे पाय! मातीच्या उतारावर उभेच राहीनात, धाडकन पडायचे. किल्ला बघायला असतो, पोरं त्यावर लढाई खेळत नाहीत, म्हणजे सांध्यांचा खर्च पाण्यात. शेवटी पायाखाली खुपसायचा खिळा दिला आणि सांधे काढून टाकले, तेव्हा माल हलायला लागला.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, टेस्टिंगमध्ये वर्ष गेलं, बाहेरचा स्वस्त माल कमी झाल्याने थोडा फायदाही झाला.

आता दोनच धडं आहेत, एक उभं, एक बसलेलं, डोकी बारा. एका पाकिटात सहा मावळे, एक तोफ, एक सरदार, तोही आपल्याच बाजूचा. शत्रूच्या सरदारांची खोकी अजून माळ्यावर आहेत, वडील कुणी दुकानात आलं की आवर्जून दाखवतात.