गिझर अन् मल्टिमीटरवाला पोरगा

हुडहुडी भरवणारी थंडी, अन् नेमका गिझर बंद. तालुक्याच्या एका मेकॅनिकनं झाकणही न उघडता निकाल दिला, "कॉईल जळली, नवाच घ्या."

शेवटी गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या पोराला बोलावलं. त्यानं आधी मेन स्विच पाडला, मग मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) लावून आकडा मलाच दाखवला. "पाहा काका, 2000 वॅटची कॉईल, 26 ओहम रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) दाखवून राहिली, म्हणजे तार तुटली नाही. कॉईल चांगली हाय, पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट गेला." कॉईलवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला होता, तोही खरडून काढला. जुना पार्ट न मागता हातात ठेवला, हे फार आवडलं. मजुरी? "तुमच्या मनानं द्या." असं म्हटलं की माणूस जास्तच देतो, हे पोराला बरोबर ठाऊक!

आई मात्र अजून चुलीवरच्या पाण्यानंच आंघोळ करते. गिझरचं पाणी तिला पटत नाही.