एक ड्रम, दोन तक्रारी

नवी मुंबईत महाप्याच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर इन्फ्युजन पंपाचे, म्हणजे रुग्णाला नळीतून औषध देणाऱ्या यंत्राचे, सर्किट बोर्ड तयार होतात आणि वर, क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ-जंतू कमीत कमी ठेवलेल्या खोलीत, त्याच पंपाला लागणारे नळ्यांचे संच पॅक होतात. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्हीकडे लागतं. खाली बोर्ड धुवायला ९९ टक्क्यांच्या वरचं, वर टेबलं पुसायला ७० टक्के. मी वरच्या मजल्यावरच्या जंतूंचा हिशेब ठेवते. जुलैतल्या त्या दिवशी मात्र दोन्ही मजल्यांच्या तक्रारी एकदमच आल्या आणि दोन्हींच्या मुळाशी स्टोअरमधला एकच ड्रम निघाला.

वर आधी गाळून निर्जंतुक केलेल्या ७० टक्क्यांच्या तयार बाटल्या यायच्या. महाग असतात. परचेसने हिशेब मांडला की ९९.९ चा ड्रम लिटरमागे कितीतरी स्वस्त, शिवाय जास्त ‘स्ट्राँग’, मग बाटल्या हव्यात कशाला? २०२० मध्ये सॅनिटायझरच्या बाटल्यांवर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ वाचून वाचून लोकांच्या डोक्यात ९९.९ हा आकडा पवित्र झालाय. तो मेलेल्या जंतूंचा आकडा आहे, अल्कोहोलचा नव्हे, हे शिकलेल्या माणसांनाही समजावून सांगावं लागतं.

अल्कोहोल जंतूंची प्रथिनं विस्कटून टाकतं आणि त्या कामाला पाणी लागतं. निव्वळ अल्कोहोल पेशीचं बाहेरचं आवरण पटकन गोठवतं, आत नीट शिरत नाही, आणि उडूनही लवकर जातं. लॅमिनार फ्लोखालच्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोताखालच्या, स्टीलच्या टेबलावर ९९.९ पुसलं तर कापड उचलेपर्यंत टेबल कोरडं. ७० टक्के त्याहून जास्त वेळ ओलं राहतं, आणि मारण्याचं काम त्या ओलेपणातच होतं. साधारण ६० ते ९० टक्के हा उपयोगाचा पट्टा. ५० च्या खाली परिणाम झपाट्याने घसरतो. ९९.९ ने आणखी एक केलं, पास बॉक्सच्या (सामान आत-बाहेर देण्याच्या खणाच्या) अ‍ॅक्रिलिक दारावर केसासारख्या चिरा पाडल्या. ते दार कोणाच्याच हिशेबात नव्हतं.

त्या सकाळी टेबलांच्या कॉन्टॅक्ट प्लेट मोजायला घेतल्या. ५५ मिलिमीटरची, आगर (जंतू वाढवायची जेली) फुगवून भरलेली ही प्लेट पृष्ठभागावर टेकवायची आणि ३०-३५ अंशांत ठेवायची; वाढ दिसायला काही दिवस जातात. म्हणजे आज दिसणारी वाढ गेल्या आठवड्यातल्या पुसण्याची. आमची मर्यादा प्लेटमागे जंतूंच्या २५ वसाहतींची, आणि तीन टेबलं ती ओलांडून गेली होती.

दुपारी खालून निरोप आला की अंतिम चाचणीत पंप खोटा ‘नळीत हवा’ अलार्म देतायत. बोर्ड पाहिले तर सेन्सरच्या पिनांभोवती पांढुरकी साय. पावसाळ्यात हवेतली ओल अशा थरात शिरते आणि दोन पिनांमध्ये नको तिथून करंट झिरपू लागतो. धुण्याच्या ट्रेमध्ये बोट बुडवलं, तर ते नेहमीसारखं चटकन सुकलं नाही.

झालं होतं असं. नुसत्या ९९.९ चा वास डोक्यात जातो म्हणून क्लीनरूमच्या सुपरवायझरने त्याच आठवड्यात ते पातळ करून मागितलं होतं. मागणी बरोबरच होती. स्टोअरने २० लिटरच्या कॅनमध्ये ते मिसळलं, वर फक्त ‘आयपीए’ लिहिलं, आणि तोच कॅन खालीही गेला. प्लेटमध्ये गेल्या आठवड्याचं नुसतं आयपीए दिसत होतं आणि बोर्डवर या आठवड्याचं पाणी.

मिसळलं कसं, तेही बघण्यासारखं. पाणी बेसिनजवळच्या नळाचं, म्हणजे क्षारांसकट. टक्के मोजायला स्पिरिटचा काचेचा मीटर. तो इथेनॉलसाठी असतो. तेवढ्याच टक्क्यांचं आयपीए इथेनॉलपेक्षा हलकं, म्हणून मीटर जास्त खाली बुडतो आणि आकडा चढा दाखवतो. त्यातून मीटर २० अंशांना जुळवलेला आणि आमचं स्टोअर ३२ अंशांवर. गरम द्रव आणखी हलका. मीटर ७० वर येईपर्यंत त्यांनी पाणी ओतलं. मी डेन्सिटी बॉटलने घनता मोजून तापमानासह तक्त्यात पाहिलं, तर प्रत्यक्षात साठीच्या थोडंच वर. मुळात मीटरची गरजच नाही. मोजपात्रात ९९.९ चं ७ लिटर आयपीए घ्यायचं आणि शुद्ध पाण्याने १० लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. नेमकं ३ लिटर पाणी घातलं तर मिश्रण आकसून खुणेच्या थोडं खाली राहतं आणि ७२ च्या आसपास बनतं, त्याने काही बिघडत नाही.

बोर्ड वाचले. ती साय म्हणजे अर्धवट विरघळलेला फ्लक्स, सोल्डरिंगच्या वेळी लावतात तो पदार्थ. नुसतं आयपीए घासून ती नेहमी जात नाही. त्या जागी थोडा ताजा फ्लक्स लावून सोल्डरिंग आयर्नने गरम करायचं, मग जुना थर सुटतो. त्यानंतर दोन ट्रे, पहिला मळका, दुसरा कोरा, दोन्हींत ९९.९ आणि अँटिस्टॅटिक ब्रश. शेवटी कोरडी हवा मारायची. ओव्हनमध्ये घालायची घाई नको. आधी एक्झॉस्टखाली वास पूर्ण जाऊ द्यायचा, मग ६० अंश. आयपीएची वाफ १२ अंशांनाही पेट घेऊ शकते.

वरचा प्रश्न इतक्या सरळ सुटला नाही. प्लेटवरचे जंतू रंगवून पाहिले तर स्पोअर, म्हणजे टणक कवचाची सुप्त बीजं, धरणारे ग्रॅम पॉझिटिव्ह (रंगाच्या चाचणीत जांभळे दिसणारे) दांड्याच्या आकाराचे जंतू. स्टोअरचे इनचार्ज लगेच म्हणाले, “मॅडम, स्पोअर तर ७० नेही मरत नाहीत. मग ९९ चा काय दोष?” माणूस गैरसोयीचा, पण मुद्दा खरा. अल्कोहोल कितीही टक्क्यांचं असो, स्पोअर मारत नाही. म्हणून ड्रममधलं १०० मिलिलिटर आयपीए निर्जंतुक पाण्यात पातळ करून ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या गाळणीतून, ओढलं, धुतलं आणि मेम्ब्रेन आगरवर ठेवलं. तशाच वसाहती उगवल्या. जुन्या बाटल्या ०.२ मायक्रॉनमधून गाळलेल्या होत्या. ड्रम गाळलेला नव्हता. म्हणजे आम्ही पुसत होतो की पेरत होतो?

तरी सगळं ड्रमवर ढकलावं असं मला वाटत नाही. स्पोअर मारायला दर आठवड्याला पेरअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची फेरी असते. नोंदवहीत ती झालेली दिसते, एकाच पेनाने, एकाच बैठकीत सह्या केल्यासारखी. विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

आता वर गाळलेल्या बाटल्या परत आल्यात आणि त्यांना निळा टॅग आहे. खालच्या कॅनला लाल. ड्रमचं झाकण उघडं ठेवायला मनाई, कारण ९९.९ हवेतली ओल ओढून घेतं आणि पावसाळ्यात तर फारच. परवा स्टोअरकडून नवा प्रस्ताव आला की भांडण नको, दोन्हीकडे मधलं ८५ टक्के घेऊ. मी उत्तर लिहिलं: क्लीनरूमला ८५ चालेल, गाळलेलं असेल तर. बोर्डच्या ट्रेमध्ये त्याने १०० लिटरमागे १५ लिटर पाणी जाईल, त्याचं काय करायचं ते खालच्या मजल्याला विचारा.