ग्रिझलीच्या रानात मी बंदूक का नेत नाही

महाराष्ट्रातून मोंटानात आमच्याकडे येणारे पाहुणे, विशेषतः सह्याद्री पायांखाली घातलेले, हमखास विचारतात की यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या रानात ग्रिझली अस्वले असताना मी बंदूक बरोबर का नेत नाही. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याची आडकाठी नाही. फेब्रुवारी 2010 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते. यलोस्टोनमध्ये ते चालवण्यास मात्र बंदी आहे. माझ्या लेखी खरा प्रश्न वेळेचा आहे. चवताळलेले ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने येते, म्हणजे तीस मीटरांवरच्या झुडपातून निघाले तर दोन सेकंदांत अंगावर. तेवढ्यात पिस्तूल काढून धावत्या जनावरावर नेम धरणे सराईत शिकाऱ्यालाही अवघड आहे, आणि नेम चुकून ते नुसते जखमी झाले तर संकट वाढते. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वल-संशोधकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातील 1883 ते 2009 या काळातल्या 269 प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा जवळची बंदूक चालवणारे आणि न चालवणारे यांना झालेल्या इजांत लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणून मी बेअर स्प्रे नेतो. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा हा फवारा सात-आठ मीटरांपर्यंत ढगासारखा पसरतो, त्यामुळे अचूक नेमाची गरज उरत नाही. याच संशोधकांच्या 2008 च्या अभ्यासात त्याने तपकिरी अस्वलांना (ग्रिझली त्यांतलेच) शंभरांतल्या 92 वेळा रोखले होते. जोराचा वारा समोरून असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो, हेही खरे. तरीही अस्वल जिवंत परतते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांची गोष्ट निराळी. तिथे वस्तीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ असणे बंधनकारक आहे आणि प्रशासन बंदूकही नेण्याचा सल्ला देते; त्या उघड्या बर्फाळ प्रदेशात मी तो सल्ला निमूटपणे मानेन.

तुम्ही इकडे याल तेव्हा स्प्रे इथेच घ्या, कारण विमानात तो सामानातूनही नेता येत नाही. तो पाठपिशवीत न ठेवता कमरेच्या पट्ट्याला अडकवा आणि त्याची सुरक्षा-कळ काढण्याचा सराव आधीच करा. निदान तिघे तरी बरोबर असा, आणि वळणावर किंवा ओढ्याच्या खळखळाटात मोठ्याने बोलत चला, कारण माणसाची चाहूल आधी लागली तर बहुतेक अस्वले आपणहून वाट सोडतात.