हरण्याचा भाव कोण ठरवतं? एनबीए ड्राफ्टमधली खरी गोम

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टने वाटले जातात: संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि हरणाऱ्या संघांना आधीची पाळी, म्हणजे वरचा पिक, मिळण्याची शक्यता जास्त. हा ड्राफ्ट संघांना मुद्दाम हरायला लावतो का? लावतो. पण संघातल्या नेमक्या कोणाला, हे आधी पाहायला हवं. मैदानावरचा खेळाडू हरण्यासाठी खेळत नाही. त्याचा पुढचा करार त्याच्या आकड्यांवर ठरतो, आणि हरून मिळणारा नवा पोरगा उद्या त्याचीच जागा घेऊ शकतो. हरण्याचा हिशेब होतो तो संघबांधणी करणाऱ्या जनरल मॅनेजरच्या ऑफिसात.

पद्धती ठरलेल्या आहेत. फेब्रुवारीतल्या ट्रेड डेडलाइनपर्यंत, म्हणजे अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेपर्यंत, अनुभवी खेळाडू दुसरीकडे पाठवायचे आणि बदल्यात भविष्यातले पिक घ्यायचे. मार्चपासून इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे जखमी खेळाडूंची यादी, लांबत जाते. एरवी ज्या गुडघ्याने कोणी खेळलं असतं, तोच गुडघा आता दोन आठवडे विश्रांती मागतो. सामना अटीतटीचा झाला की चौथ्या क्वार्टरला मुख्य खेळाडू बाकावर बसतात आणि टू-वे (मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही संघांसाठीच्या) किंवा दहा दिवसांच्या करारावरची मुलं खेळतात. यातल्या प्रत्येक निर्णयाला सुटं पाहिलं तर चांगलं कारण देता येतं: तरुणांना संधी, दुखापतीची काळजी, पुढची बांधणी. म्हणूनच लीगला हे पकडणं जड जातं.

एवढा आटापिटा कशासाठी? बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण खेळतात आणि तेच पाच बचावही करतात, चढाईही करतात. एका अव्वल खेळाडूचं वजन इथे जितकं पडतं तितकं क्रिकेट-फुटबॉलमध्ये पडत नाही. त्यात पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार रूकी स्केलने, म्हणजे नवख्यांच्या ठरलेल्या पगारश्रेणीने, बांधलेला. चार वर्षं तो बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो, आणि त्यानंतरही दुसऱ्या संघाने दिलेली ऑफर तेवढ्याच रकमेत जुळवून त्याला ठेवून घेण्याचा हक्क संघाकडेच राहतो. आयपीएलमध्ये शेवटच्या नंबरावर येऊन लिलावात जास्तीचा पैसा मिळत नाही, त्यामुळे तळाला जाण्यात कोणाला रस नसतो. एनबीएत तळालाच खजिना आहे.

लीगला हे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. 1966 पासून दोन्ही विभागांतल्या तळाच्या दोन संघांत नाणेफेक होऊन पहिला पिक ठरायचा. 1983-84 च्या हंगामाच्या शेवटी ह्यूस्टन रॉकेट्सने 38 वर्षांच्या एल्विन हेजला ओव्हरटाइममध्ये गेलेल्या एका सामन्यात जवळजवळ पूर्ण वेळ खेळवलं. संघ 29-53 वर (29 विजय, 53 पराभव) थांबला, नाणेफेक जिंकला आणि हकीम ओलाजुवानला घेऊन गेला. बोभाटा झाला आणि 1985 मध्ये सोडत आली: प्लेऑफ हुकलेले सात संघ, सात पाकिटं, सर्वांना सारखी संधी. यात हरण्याचा मोह जवळजवळ संपला होता. पण पहिल्याच वर्षी तळाला बरोबरीत असलेल्या गोल्डन स्टेटला सातवा पिक मिळाला, आणि दुबळ्यावर अन्याय झाल्याची ओरड सुरू झाली.

तिथून पुढे काटा असाच इकडून तिकडे फिरत राहिला. 1990 मध्ये तळाच्या संघाला 66 पैकी 11 संधी दिल्या. 1993 मध्ये 41-41 असलेल्या ऑरलँडोने 66 पैकी एकुलत्या एका संधीवर पहिला पिक जिंकला, तोही लागोपाठ दुसऱ्या वर्षी. मग तळाच्या संघाची शक्यता वाढवून 25 टक्के केली. त्या 25 टक्क्यांच्या जोरावरच फिलाडेल्फियाने 2013 पासून तीन हंगामांत 47 सामने जिंकले आणि 199 हरले. त्यावर उपाय म्हणून 2019 च्या सोडतीपासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 14 टक्के देण्यात आले.

सोडत होते ती अशी. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू फिरतात आणि त्यांतले चार निघतात. क्रम धरला नाही तर चारांचे 1001 संच होतात. 11-12-13-14 हा संच कोणालाच दिलेला नाही. तो आला तर पुन्हा चेंडू काढायचे. उरलेले 1000 संच संघांत वाटलेले असतात: पहिल्या तिघांना 140, मग 125, 105, 90, 75, 60, 45, 30, 20, 15, 10, आणि चौदाव्याला 5. असे पहिले चार पिक ठरतात. पाचव्यापासून पुढे सरळ उलट्या क्रमवारीने.

या शेवटच्या वाक्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. तळाचा संघ पाचव्याच्या खाली घसरू शकत नाही, आणि तो नेमका पाचवाच येण्याची शक्यता 47.9 टक्के आहे. तिसऱ्या क्रमांकाचा वाईट संघ मात्र सातव्यापर्यंत जाऊ शकतो. सरासरी काढली तर तळाच्या संघाच्या वाट्याला साधारण 3.7 वा पिक येतो आणि तिसऱ्याला 4.1 वा. म्हणजे अगदी तळ गाठण्याची किंमत खरोखरच कमी झाली. डेट्रॉइट 2023 ला 17-65 करून सोडतीत पाचवं आलं, 2024 ला सलग 28 पराभवांसह 14-68 करून पुन्हा पाचवं आलं. 2025 ला 17-65 चं यूटा पाचवं, आणि 1.8 टक्केवाल्या डॅलसला पहिला पिक, म्हणजे कूपर फ्लॅग.

तळाची शर्यत थंडावली, पण शक्यता एका ठिकाणी कमी केली की ती दुसरीकडे द्यावीच लागते. ती मधल्या संघांना मिळाली. सातव्या क्रमांकाच्या वाईट संघाची पहिल्या पिकची शक्यता 4.3 वरून 7.5 टक्के झाली, आठव्याची 2.8 वरून 6. पूर्वी जो संघ शेवटच्या महिन्यात प्लेऑफच्या आठव्या जागेसाठी झगडला असता, त्याला आता झगडा सोडून देणंही परवडतं. 2021 पासून पूर्ण स्वरूपात सुरू झालेल्या प्ले-इनने (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठी सातव्या ते दहाव्या संघांतले सामने) दहाव्या क्रमांकापर्यंत आशा ठेवून हा मोह काहीसा रोखला आहे, आणि माझ्या मते शक्यतांच्या फेरफारापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

पण सगळ्यांत उघड हरणं घडतं ते सोडतीमुळे नव्हे, तर संरक्षित पिकमुळे. संघ आपला भविष्यातला पिक दुसऱ्याला देतो, पण अट घालतो: तो पहिल्या दहांत आला तर आमचाच. आता दहावा आणि अकरावा यांत फरक एका पायरीचा उरत नाही. दहावा म्हणजे खेळाडू हातात, अकरावा म्हणजे हात रिकामे. सोडतीत एक-दोन टक्क्यांसाठी हरावं लागतं. इथे एका पराभवावर अख्खा पिक लटकलेला असतो.

2006 ची मिनेसोटाची शेवटची लढत पाहा. त्यांचा पिक क्लिपर्सना द्यायचा होता, पण पहिल्या दहांत आला तर राहणार होता. त्या सामन्यात मार्क मॅडसन या धिप्पाड सेंटरने तीन गुणांचे सात फटके मारले. सातही चुकले. आधीच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याने असे फटके मोजकेच मारले होते. मेम्फिसविरुद्धचा तो सामना संघ दुहेरी ओव्हरटाइममध्ये हरला आणि पिक वाचला. 2012 मध्ये गोल्डन स्टेटचा पिक पहिल्या सातांत आला तरच त्यांचा राहणार होता. ते 23-43 वर टोरांटोशी बरोबरीत थांबले, नाणेफेक जिंकले, सातवा पिक ठेवला आणि हॅरिसन बार्न्सला घेतलं. 2015 च्या विजेत्या संघात तो सुरुवातीच्या पाचांत होता. 2023 मध्ये डॅलसने प्ले-इनची आशा जिवंत असताना शिकागोविरुद्ध मुख्य खेळाडू बसवले, कारण त्यांचा पिक दहाच्या बाहेर गेला तर न्यूयॉर्कला जाणार होता. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. पिक वाचला. असा दंड म्हणजे मालकासाठी पिकची किंमतच, आणि तीही फार स्वस्त.

म्हणून पहिली दुरुस्ती इथे हवी. संरक्षण ठेवायचंच तर पहिल्या चारांपुरतं किंवा सोडतीतल्या सगळ्या चौदांसाठी ठेवावं. पहिले चार चेंडूंवर ठरतात, चौदावा प्लेऑफच्या रेषेवर असतो. पहिल्या ठिकाणी एखादा सामना मुद्दाम हरून हमखास काही हाती लागत नाही, दुसऱ्या ठिकाणी हरणं म्हणजे प्लेऑफच सोडणं. सहा, आठ, दहा असल्या मधल्या आकड्यांवर सरळ बंदी घालावी.

दुसरी दुरुस्ती क्रमवारीची. बायकांच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्ये सोडतीसाठी दोन हंगामांची कामगिरी एकत्र धरतात, त्यामुळे एक वर्ष फेकून दिल्याने फारसं साधत नाही. बायकांच्या आइस हॉकीतली पीडब्ल्यूएचएल आणखी पुढे गेली. संघ प्लेऑफच्या शर्यतीतून बाद झाल्यावर जे गुण मिळवतो, त्यांवर तिथे ड्राफ्टचा क्रम ठरतो. दुबळा संघ लवकर बाद होतो, म्हणून त्याला गुण कमवायला जास्त सामने मिळतात. पण ते जिंकावे लागतात. 2024 च्या पहिल्या हंगामात तळाला राहिलेल्या न्यूयॉर्कनेच असा पहिला पिक कमावला. यातही खोट आहे: एखादा संघ नोव्हेंबरपासूनच हरून लवकर बाद होऊ पाहील. पण पूर्ण हंगाम जाणूनबुजून घालवणं हे मार्चमध्ये दोन खेळाडू बसवण्यापेक्षा कितीतरी महाग आहे. तिकिटं विकायची असतात, प्रशिक्षक टिकवायचा असतो.

अडचण मतांची आहे. असा बदल करायला 30 पैकी 23 मालकांची संमती लागते. 2014 मध्ये शक्यता सपाट करण्याचा पहिला प्रस्ताव 17-13 असा बहुमत मिळूनही पडला. तीन वर्षांनी तोच विचार 28-1 ने मंजूर झाला. विरोधाचं कारण पोकळ नव्हतं. करार संपून मोकळा झालेला मोठा खेळाडू लॉस एंजेलिस किंवा मायामी सोडून ओक्लाहोमा सिटीसारख्या लहान शहरात स्वतःहून सहसा जात नाही. अशा गावांसाठी ड्राफ्ट हाच एक दरवाजा आहे, आणि तो अरुंद करणाऱ्या कुठल्याही नियमाला ते आधी नाहीच म्हणणार. मधल्या संरक्षणावरची बंदी हा दरवाजा अरुंद करत नाही, त्यामुळे सुरुवात तिथून झाली तर मतं जुळण्याची शक्यता जास्त.