दोन खाचरं, एक दोरी

राजूर मागे टाकून एसटी भंडारदऱ्याच्या वाटेला लागली तेव्हा कळसूबाई ढगात पार बुडालेली होती. अकोले तालुक्यात भाताच्या आवणीची, म्हणजे लावणीची, धांदल होती आणि मी निघालो होतो दोरी धरायला.

नायलॉनची साधी दोरी. १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीने रंगीत खुणा. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीतलं हे तिसरं सूत्र, नियंत्रित लावणी. खुणेवर दोन-तीन रोपांचा एक चूड लावायचा. मग चौथं सूत्र: जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी चिखलात खोल दाबायची. गोळीचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम. इथल्या उतारावर तिचं मोल मला पहिल्याच दुपारी कळलं. पाऊस असा कोसळला की वरच्या खाचराचं पाणी बांध ओलांडून खालच्यात, तिथून ओढ्यात. वरून फेकलेलं खत या पाण्यात टिकणार कसं?

ज्या आजींच्या खाचरात उतरलो, त्यांना मात्र खतापेक्षा राबाचं बोलायचं होतं. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून उन्हाळ्यात जमीन भाजायची आणि तिथे रोप टाकायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भाजल्याने तण मरतं, रोप जोमदार येतं, हे खरंच. पण डोंगराचा पाला आणि गोठ्यातलं शेण दोन्ही जळून जातं. "पाल्याचे भारे आणून सुनेची मान मोडायची," आजी म्हणाल्या. यंदा त्यांनी गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोप केलं होतं. शेतीचा सल्ला देणारे आम्ही उत्पन्नाचे आकडे सांगत बसतो. डोक्यावरचे भारे किती कमी होतील, हे आधी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांचं मोलही त्यातच आहे. खाचरात तुडवायचा पाला हाताशी येतो.

बियाणं मात्र त्यांचं घरचंच, काळभात हा देशी वाण. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नवी पद्धत म्हणजे नवं बियाणं, ही समजूत इथे टिकत नाही.

आवणी सुरू झाली आणि बायांच्या ओळी दोरीमागे सरकू लागल्या. पहिला तास फार हळू गेला, खुणा चुकत होत्या, माझे पाय चिखलात रुतत होते. आजी बांधावरून बघत होत्या. "लई इरळ दिसतंय, बाबा." फुटवे फुटायला मोकळी जागा लागते, एवढंच मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत.

वरच्या खाचराकडे दोरी नेऊ लागलो तेव्हा त्यांनी अडवलं. ते त्यांनी आपल्या रीतीने, दाटच लावलं.

निघताना म्हणाल्या, "कार्तिकात या. दोन्ही खाचरं येगळी झोडू."